न विरघळलेली गोळी: निपाणीतल्या एका मेडिकल दुकानाचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. माणसांची, दुकानांची, कंपन्यांची नावं आणि बॅच क्रमांक काढून टाकले आहेत. औषधाचं नाव मात्र ठेवलं आहे, कारण त्याच्या गुणधर्मांशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पार्श्वभूमी

निपाणीच्या जुन्या पेठेतलं हे मेडिकल सत्तरच्या दशकातलं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. आता दुकान सून बघते. ती बी.फार्म. झालेली, माहेर कागलचं. लग्नानंतर तिला महाराष्ट्राच्या फार्मसी कौन्सिलमधलं नाव कर्नाटकात बदलून घ्यावं लागलं आणि मगच दुकानाच्या परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून तिचं नाव चढलं. सीमाभागात घर दोन्हीकडे असतं, कागद मात्र एकीकडेच असावा लागतो. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात आणि त्याला लागून असलेली निपाणी कर्नाटकात, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला लागत नाही. औषधांच्या व्यापारात मात्र ही रेघ फार जाड आहे.

दुकानाचं गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी, पेन्शनर आणि बिडी वळणाऱ्या बायका. बीपी आणि शुगरच्या गोळ्या कायमच्या चालू. बऱ्याच जणी आठवड्याची मजुरी मिळाली की पैसे देतात, म्हणून दुकानात कॉम्प्युटर आहे आणि उधारीची वहीही आहे. पुढे या वहीचं महत्त्व कॉम्प्युटरपेक्षा जास्त ठरलं.

गोळी होती टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. रक्तदाबासाठी रोज एक. हे औषध साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते विरघळावं म्हणून गोळीत अल्कली मिसळावा लागतो आणि तो अल्कली हवेतली ओल ओढून घेतो. म्हणून जाणते उत्पादक ही गोळी दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या, ‘अलू-अलू’ म्हणतात त्या पाकिटात घालतात. या प्रकरणातलं पाकीट एका बाजूने पारदर्शक प्लॅस्टिकचं होतं. स्वस्त, दिसायला छान आणि ओल अडवायला कच्चं.

कंपनी कुठली, कारखाना कुठला

अण्णांनी दुकान काढलं तेव्हा पाकिटावर जे नाव असे, माल त्याच्याच कारखान्यातला असे असं ते मानत, आणि बहुतेक वेळा ते खरंही होतं. बंगाल केमिकल (१९०१), बडोद्याची अलेम्बिक (१९०७), मुंबईची सिप्ला (१९३५), पिंपरीची सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स (१९५४) ही नावं म्हणजे खरोखरच्या भिंती, धुराडी आणि कामगार. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं, आणि देशी कारखाने भराभर वाढले. त्या वाढीत चांगले-वाईट दोन्ही होते.

मग २००३ साली केंद्रानं हिमाचल आणि उत्तराखंडला अबकारी करात सूट दिली. हिमाचलमधल्या बद्दीच्या आसपास बघता बघता औषधांचे कारखाने उभे राहिले. तिथला एकच कारखाना अनेक मार्केटिंग फर्मसाठी माल बनवू लागला. गोळी तीच, यंत्र तेच, पाकिटावरची नावं निराळी. आपल्याकडे ज्याला ‘पीसीडी’चा (प्रोपगंडा-कम-डिस्ट्रिब्युशन) माल म्हणतात, तो बहुतेक असाच. दुकानदाराला मार्जिन जास्त, स्कीम बरी. अण्णांकडची ही गोळी त्यातलीच. मार्केटिंग फर्म गुजरातची, कारखाना हिमाचलचा, होलसेलर कोल्हापूरचा आणि दुकान कर्नाटकात. एका गोळीमागे चार राज्यं.

औषध तपासणीचा कायदा या साखळीसाठी बनलेला नव्हता. १९३० साली नेमलेल्या चोप्रा समितीनं बाजारातल्या भेसळीच्या आणि कमअस्सल औषधांचा पंचनामा केला, त्यातून १९४० चा कायदा आला आणि १९४५ चे नियम. त्यात बनवणारा आहे, विकणारा आहे, निरीक्षक आहे, सरकारी विश्लेषक आहे. मध्येच उभा राहून स्वतःच्या नावानं माल खपवणारा त्यात नव्हता. त्याच्यावर गुणवत्तेची जबाबदारी टाकणारी दुरुस्ती २०२० मध्ये झाली आणि १ मार्च २०२१ पासून लागू झाली. म्हणजे बद्दी उभं राहिल्यावर जवळपास अठरा वर्षांनी. आपल्याकडे बहुतेक सुधारणा माणसं मेल्यावर झाल्या. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरॉलनं १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. १९८८ मध्ये कारखान्यांनी माल कसा बनवावा याची ‘शेड्यूल एम’ नावाची नियमावली आली. ती अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये, पुन्हा कडक झाली ती गाम्बिया आणि उझबेकिस्तानातल्या लहान मुलांच्या मृत्यूंनंतर.

बेळगावकरांना आणखी एक जुना संदर्भ आठवेल. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सरकार स्वतःच देवीची लस बनवत असे, वासरांच्या कातडीवर. बनवणारंही सरकार, तपासणारंही सरकार. पण लस ‘लागली’ की नाही हे टोचलेल्या हातावरच्या फोडावरून घरच्या म्हातारीलाही कळे. टेल्मिसार्टनची गोळी लागली नाही तर बाहेरून काहीच दिसत नाही. ते कळायला प्रयोगशाळाच लागते.

नमुना

नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात एकामागोमाग बाळंतिणी दगावल्या आणि शिरेतून द्यायच्या सलाईनवर संशय आला. तेव्हापासून कर्नाटकात औषधांच्या नमुन्यांवर जास्त लक्ष आहे. २०२५ च्या पावसाळ्यात औषध निरीक्षक निपाणीत आले. दुकानाची नेहमीची पाहणी झाली: परवाने, फ्रिजचं तापमान, शेड्यूल एच-१ चं, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांचं, रजिस्टर. मग त्यांनी चार-पाच औषधं नमुन्यासाठी काढली. त्यात ही गोळीही होती.

कपाटात त्या बॅचची २२ पाकिटं होती. त्यातली १६ घेतली. कायद्याप्रमाणे त्यांचे चार भाग होतात: एक दुकानदाराकडे सीलबंद राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी ठेवतात आणि एक बनवणाऱ्यासाठी किंवा ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी. नमुना घेतल्याचं कळवणाऱ्या फॉर्म १७ वर सही झाली, मालाचे पैसे मिळाले, पावती झाली.

इथे पहिला निर्णय होता आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. उरलेली सहा पाकिटं विकायची की बाजूला ठेवायची? विक्री थांबवण्याचा लेखी आदेश निरीक्षकांनी दिला नव्हता. नुसता नमुना घेतला म्हणजे माल वाईट असं नाही. रोजच्या गर्दीत ती सहा पाकिटं चार दिवसांत गेली. कायद्यानं यात चूक नाही.

सुनेनं एक गोष्ट मात्र नीट केली. दुकानाकडे राहिलेला सीलबंद भाग अण्णा माळ्यावर टाकणार होते, पत्र्याखाली. तिनं तो खालच्या लाकडी कपाटात ठेवला आणि त्याच कपाटातल्या छोट्या तापमान-आर्द्रता यंत्राची नोंद रोज वहीत लिहीत राहिली. ती नोंद ती आधीपासूनच ठेवत होती.

अहवाल

दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. वरचं पत्र कन्नडमध्ये, आतला फॉर्म १३, म्हणजे सरकारी विश्लेषकाचा अहवाल, इंग्रजीत. सुनेला कन्नड वाचता येत नाही, अण्णांना बोलता येतं पण सरकारी भाषा अडते. दुकानातल्या पोरानं वाचून सांगितलं. हुबळीच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष होता की ही गोळी ‘प्रमाणित दर्जाची नाही’. औषधाचं प्रमाण बरोबर होतं. नापास झाली ती विरघळण्याच्या चाचणीत.

ही चाचणी अशी असते. ३७ अंश तापमानाच्या द्रवाची सहा भांडी, प्रत्येकात एक गोळी, वर ठरावीक वेगानं फिरणारं पातं. ठरलेल्या वेळानंतर किती औषध द्रवात उतरलं ते मोजतात. सहा गोळ्या बसल्या नाहीत तर आणखी सहा, तरीही शंका राहिली तर आणखी बारा घेतात. म्हणजे एखादी गोळी चुकून वाईट निघाली म्हणून बॅच नापास होत नाही. पोटात गोळी आहे, औषधही आहे, पण ते सुटंच होत नाही, असा या निकालाचा अर्थ.

अण्णांचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे बोगस का?” नाही. बनावट औषध हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा. हा माल परवानाधारक कारखान्यातला, खऱ्या पाकिटातला, फक्त दर्जाला कमी. पण गावात हा फरक ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही, आणि ते दिवसही वाईट होते. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधानं मुलं गेली होती आणि टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ तेच चालू होतं.

सोबतच्या नोटिशीत माल कुठून आला ते बिलांसह कळवा असं सांगितलं होतं. १९४० च्या कायद्याचं कलम १८-अ आणि १८-ब. दुकानदाराचा बचाव याच्यावरच उभा राहतो. परवानाधारकाकडून माल घेतला, दोष माहीत नव्हता, वाजवी काळजी घेऊनही कळला नसता, आणि आल्या स्थितीत नीट साठवला, एवढं दाखवता आलं तर कलम १९(३) खाली तो सुटतो. म्हणजे बिल आणि साठवण. या दोन्हीत इथे गाठ होती.

एक बिल आणि एक उसनवारी

कोल्हापूरच्या होलसेलरचं बिल होतं ३० पाकिटांचं. पण विकलेली २८, नमुन्याला दिलेली १६ आणि नंतर विकलेली ६ मिळून ५० होतात. वीस पाकिटं कुठून आली?

जुलैत पावसानं कोल्हापूरची गाडी दोनदा चुकली होती. तेव्हा शेजारच्या मेडिकलमधून वीस पाकिटं उसनी आणली. शेजारच्या मालकांना सूनही मामा म्हणते. माल आला की परत द्यायचा, चिठ्ठी नाही, बिल नाही. अशी उसनवारी प्रत्येक गावात, प्रत्येक दोन मेडिकलमध्ये चालते. रात्री दहाला पेशंट दारात उभा असताना कुणी बिल फाडत नाही. पण किरकोळ परवान्यावर दुसऱ्या दुकानदाराला माल देता येत नाही, आणि बिलाशिवाय माल घेणं ही घेणाऱ्याची वेगळी चूक. मामांची ती वीस पाकिटं हुबळीच्या एका स्टॉकिस्टकडून आलेली होती. बॅच तीच, पाकीट तेच. कपाटात दोन्ही एकत्र झाली होती. निरीक्षकांनी उचललेली सोळा कुठली, हे देवालाही सांगता आलं नसतं.

तीन वाटा होत्या.

पहिली, फक्त कोल्हापूरचं बिल जोडायचं आणि वीसबद्दल गप्प राहायचं. अण्णांचा कल इकडे होता. चाळीस वर्षं शेजारी असलेल्या माणसाला नोटीस यायला आपण कारण का व्हायचं?

दुसरी मामांनीच सुचवली. “मागची तारीख घालून बिल देतो की, हाय काय त्यात!” चांगल्या मनानं सुचवली, पण तीन वाटांतली सगळ्यात घातक हीच होती. जीएसटीच्या नोंदीत नसलेलं, किरकोळ दुकानानं दुसऱ्या दुकानाला दिलेलं, मागच्या तारखेचं बिल म्हणजे उसनवारीची चूक बनावट कागदाच्या गुन्ह्यात बदलणं.

तिसरी, खरं लिहायचं.

या टप्प्यावर त्यांनी मला विचारलं होतं. माझं म्हणणं नीतीचं नव्हतं, हिशोबाचं होतं. ज्या निरीक्षकानं २२ मोजून १६ नेली, तो विक्रीची बिलं मागणारच. कॉम्प्युटरमध्ये या गोळीचा साठा वजा २० दिसत होता. लपवलेली गोष्ट स्वतःहून सांगितली तर ती नियमभंग असते. तीच त्यांनी शोधली तर कोल्हापूरच्या बिलावरचाही विश्वास उडतो, आणि मग १९(३) चा बचाव पूर्णच जातो.

सून आणि अण्णा दोन दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. शेवटी अण्णा स्वतः मामांकडे गेले, आम्ही लिहिणार आहोत हे आधी सांगितलं, त्यांच्याकडचं हुबळीच्या स्टॉकिस्टचं बिलही मागितलं. मामांनी ते दिलं. चहा मात्र विचारला नाही. निपाणीत याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

उत्तरात तीसचं बिल, वीसची उसनवारी, मामांचं मूळ खरेदी बिल आणि विक्रीचा तक्ता, सगळं जोडलं गेलं. त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. दोन वेगळ्या वाटांनी आलेली एकच बॅच आणि दोन्हींची साठवण वेगळी, असं चित्र समोर आल्यामुळे शोध दुकानाच्या कपाटापाशी न थांबता वर कारखान्याकडे गेला.

कंपनीचा माणूस

आठवड्याभरात मार्केटिंग फर्मचा माणूस गाडीनं आला. सोबत मिठाईचा बॉक्स. त्याचं म्हणणं: अहवालाला आव्हान द्यायचं तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवावं लागतं. कारखाना ते करणारच आहे. नमुना मग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जाऊ शकतो आणि तिथला निकाल अंतिम. एवढं बरोबर होतं. पुढचं असं, “मॅडम, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, पावसात दुकानात ओल होती. बाकी आम्ही बघतो.” मोबदल्यात सगळा जुना एक्स्पायरी माल परत घेऊ, वर एक स्कीम. बोलता बोलता त्यानं हेही सांगितलं की कारखाना लहान आहे आणि नव्या शेड्यूल एमसाठी मिळालेल्या मुदतवाढीत आहे. अडीचशे कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना अर्ज केल्यावर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वेळ मिळाला होता, त्यातला.

सुनेची खरी अडचण इथे होती, कारण तिच्या वहीत ओल खरोखरच होती. जुलैच्या काही दिवसांत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर लिहिलेली. तापमान २४-२५. निपाणीचा पाऊस, दुसरं काय असणार? वही दाखवली तर कंपनीच्या हातात कोलीत. लपवली तर साठवण नीट होती हे दाखवायला दुसरा पुरावाच नाही.

तिनं वही पूर्ण दिली आणि सोबत एक पान लिहिलं. मुद्दे तीन. कोल्हापूरचा माल नमुन्याआधी तीनच आठवडे दुकानात होता, त्याआधीचे कित्येक महिने तो कारखान्याच्या आणि होलसेलरच्या गोदामात होता. पाकीट सीलबंद होतं. आणि गोळी बाजारात आणण्याआधी उत्पादकानं ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून टिकाऊपणा तपासायचा असतो. ज्या पाकिटातली गोळी निपाणीच्या पावसात तीन आठवडे टिकत नाही, ते पाकीट या औषधाला चालत नाही, हे कारखान्यानं आधीच शोधायला हवं होतं.

मला हे पान या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं काम वाटतं. वकिलाच्या भाषेत नव्हतं, एका फार्मासिस्टच्या भाषेत होतं. मिठाईचा बॉक्स परत गेला नाही, पोरांनी खाल्ला. सही मात्र झाली नाही.

गिऱ्हाइकांना सांगायचं का

कायद्याच्या दृष्टीनं इथे काही नव्हतं. माल परत बोलावणं हे बनवणाऱ्याचं काम. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दोषाच्या गांभीर्याप्रमाणे तीन वर्ग आहेत, सर्वांत धोकादायक माल ७२ तासांत मागे घ्यायचा असतो. गोळी कमी विरघळली हा त्या वर्गातला दोष नव्हे. कंपनीचं माल परत मागणारं पत्र कोल्हापूरमार्गे येईपर्यंत दुकानात एकही पाकीट नव्हतं. ३४ पाकिटं घरोघरी गेलेली, रोज एक या हिशोबानं बहुतेक गोळ्या पोटात गेलेल्या. मग सांगून उपयोग काय? अण्णांचा प्रश्न रास्त होता. छिंदवाड्याच्या बातम्या चालू असताना दारात असा बोर्ड म्हणजे आपल्या हातानं आपल्या दुकानावर शंका.

याचं उत्तर गावातल्या डॉक्टरांकडून आलं आणि ते परत मागवण्यापेक्षा महत्त्वाचं होतं. गोळी लागू पडत नसेल तर बीपी चढंच दिसणार. डॉक्टर काय करतो? ४० ची ८० करतो, किंवा दुसरी गोळी जोडतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या बॅचची चांगली गोळी मिळाली की तोच माणूस वाढलेला डोस घेऊन सकाळी उठताना चक्कर येऊन पडतो. म्हणजे खराब बॅच संपल्यावरही तिचा त्रास चिठ्ठीत शिल्लक राहतो.

मग कुणाकुणाला दिली ते शोधणं सुरू झालं. कॉम्प्युटरची बिलं कामाची नव्हती. सुट्या पाकिटांच्या बिलावर नाव ‘कॅश’. शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाच्या बिलावर रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव हवं, हे प्रत्येक दुकानदाराला माहीत असतं आणि गर्दीत प्रत्येक जण विसरतो. उधारीच्या वहीत मात्र प्रत्येक बाईचं नाव, गल्ली आणि घेतलेलं औषध होतं. निम्म्याहून अधिक पाकिटं त्या वहीतून सापडली. गरीब गिऱ्हाईक सापडलं, रोख देणारे निसटले.

निरोप काय द्यायचा यावर डॉक्टर आणि सुनेनं बराच वेळ घालवला. “त्या गोळ्या खराब होत्या” एवढंच सांगितलं तर बायका बीपीची गोळीच बंद करतील ही भीती. शेवटी निरोप ठरला: गोळी बंद करायची नाही, जुनं पाकीट उरलं असेल तर बदलून घ्या, आणि या आठवड्यात बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा, पैसे लागणार नाहीत. काउंटरवर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एवढाच मजकूर लावला. बॅच क्रमांक होता, कंपनीवर आरोप नव्हता.

शिल्लक गोळ्या घेऊन आलेले मोजकेच. मोजायला आलेल्यांत एक बिडी कामगार बाई होत्या, ज्यांचा डोस मधल्या काळात खरोखर दुप्पट झाला होता. गोळीमुळेच झाला असं कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी तो पुन्हा तपासून कमी केला. “आदी का सांगितलं न्हाईसा?” असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्याचीही गोळी त्याच दुकानातून नेली. दोन-तीन घरं दुसऱ्या मेडिकलकडे गेली ती परत आली नाहीत.

निकाल

बिलाशिवाय माल घेतल्याबद्दल दुकानाचा परवाना काही दिवसांसाठी स्थगित झाला. शटर खाली, बाहेर कागद. अण्णांना हे फार लागलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. मामांना नोटीस आणि ताकीद. खराब मालाच्या बाबतीत दुकानावर कारवाई झाली नाही, साखळी वर गेली. कर्नाटकच्या खात्यानं हिमाचलच्या परवाना अधिकाऱ्यांना लिहिलं, कारण कारखान्यावर हात टाकायचा अधिकार तिथला. कारखान्यानं २८ दिवसांत आव्हान कळवलं. ते प्रकरण चालू आहे. दोष नेमका कशात होता, सुकवणीत, मिश्रणात की पाकिटात, हे कंपनीनं दुकानाला कळवलेलं नाही.

होलसेलरनं परत आलेल्या मोजक्या पाकिटांची क्रेडिट नोट दिली. बदलून दिलेल्या चांगल्या कंपनीच्या गोळ्यांचा फरक दुकानानंच सोसला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात स्वस्त संधी खरेदीच्या वेळी होती. टेल्मिसार्टन पारदर्शक पाकिटात आलेलं बघून फार्मासिस्टनं होलसेलरला विचारायला हवं. प्रयोगशाळा नसली तरी पाकीट डोळ्यांनी दिसतं. सून आता ओल ओढणाऱ्या औषधांची एक छोटी यादी ठेवते आणि अशा पाकिटातला माल परत करते. मार्जिन गेलं, अण्णा कुरकुरतात.

उसनवारी थांबवा असं सांगणं सोपं आहे, पण रात्रीच्या पेशंटला त्यानं औषध मिळत नाही. दुकानानं काढलेला मार्ग असा: रुग्णालाच चिठ्ठी घेऊन शेजारी पाठवायचं. गिऱ्हाईक एका वेळेपुरतं जातं, कागद स्वच्छ राहतो. मामा आता बोलतात, पण माल देत-घेत नाहीत.

केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला नापास झालेल्या बॅचची यादी जाहीर करते. ती बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण सीमाभागातली फार थोडी दुकानं ती बघतात. मोठ्या तीनशे ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड आहे. या गोळीवर तो नव्हता, कारण ती त्या यादीत बसणारी नव्हती. जिथे शंका जास्त, तिथे कोड नाही.

आणि तपासणीबद्दल. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनं दर ५० कारखान्यांमागे एक आणि दर २०० दुकानांमागे एक निरीक्षक असावा असं सुचवलं होतं. निपाणीच्या कपाटातून एक गोळी पकडण्यापेक्षा बद्दीत ती बनतानाच पकडणं कितीतरी स्वस्त. दुकानातला नमुना ही शेवटची चाळणी आहे, आणि इथे तिच्यातून निकाल खाली येईपर्यंत माल संपलेला होता.

राहिला नमुन्यानंतरच्या सहा पाकिटांचा प्रश्न. यावर घरात अजून एकमत नाही. अण्णा म्हणतात, निरीक्षक वर्षाला इतके नमुने नेतो, प्रत्येक वेळी माल बाजूला ठेवला तर दुकान चालायचं कसं? सुनेनं तरी खालच्या कपाटात एक कप्पा रिकामा केला आहे. नमुना गेलेल्या बॅचचा उरलेला माल महिनाभर तिथे राहतो, तोवर अहवाल आला नाही तर होलसेलरला परत जातो. होलसेलर दर वेळी घेतोच असं नाही. तेव्हा ती पाकिटं परत वरच्या फळीवर येतात आणि विकली जातात, पण आता बिलावर नाव आणि फोन नंबर लिहून.